आईचा गुडघा आणि बसची पायरी

माझ्या आईनं चाळीस वर्षं विड्या वळल्या. मांडीवर सूप, समोर तेंदूची पानं, पाय दुमडलेले, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. आता तिचे गुडघे नीट वाकत नाहीत, आणि वाकले की सरळ व्हायला वेळ घेतात. सोलापूरच्या अशोक चौकातल्या घरातून डोळे तपासायला जायचं ठरलं की ती डॉक्टर कोण, फी किती, हे काही विचारत नाही. "गाडी कुठली हाय?" एवढंच विचारते.

मागच्या पावसाळ्यात ती एका बसच्या दारात अडकली. उजवा पाय पायरीवर, डावा रस्त्यावरच्या पाण्यात, एका हातात निऱ्या आणि दुसऱ्या हातात पिशवी. धरायला दांडा होता, पण दाराच्या आत, तिचा हात पोचणार नाही असा. मागच्या माणसानं कमरेला हात लावून वर लोटलं तेव्हा चढली. सीटवर बसल्यावर तिनं खिडकीकडं तोंड केलं आणि उतरेपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्या रात्री मी टेप काढला आणि तिच्या गुडघ्यामागची खाच जमिनीपासून किती उंचावर येते ते मोजलं. ३८ सेंटीमीटर. दुसऱ्या दिवशी थांब्यावर तसलीच बस उभी होती. तिची पहिली पायरी आईच्या गुडघ्याच्या खाली जेमतेम दोन बोटं येत होती.

घरातल्या जिन्याची पायरी साधारण १५ ते १८ सेंटीमीटरची असते. म्हणजे बसमध्ये चढताना तिला एका दमात दोन पायऱ्या चढाव्या लागत होत्या, आणि तेही आधाराशिवाय. तिला आम्ही सगळे "गुडघे गेले" म्हणत होतो. त्या दिवसापासून मी तसं म्हणणं सोडलं. आईचा गुडघा काही आता बदलणार नाही. पायरी मात्र कुणीतरी कागदावर रेघ मारून ठरवलेली असते, आणि ती बदलता येते. ती कशी बदलतात, हेच इथं सोप्या शब्दांत सांगायचा प्रयत्न करते.

पायरी चढताना काय होतं

चढताना शरीराचं सगळं वजन क्षणभर एकाच पायावर येतं. वरच्या पायरीवर ठेवलेला पाय गुडघ्यात वाकलेला असतो, आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला तो ओढून सरळ करायचा असतो. साधा जिना चढतानासुद्धा गुडघ्याच्या वाटीवर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट दाब येतो. गुडघा जितका जास्त वाकलेला तितका दाब जास्त. १५ सेंटीमीटरच्या पायरीला गुडघा थोडासाच वाकतो. ३५ सेंटीमीटरच्या पायरीवर नुसतं पाऊल ठेवायचं तरी माझ्या आईएवढ्या उंचीच्या बाईची मांडी जवळजवळ आडवी होते. म्हणून पायरी दुप्पट झाली की त्रास दुप्पट होऊन थांबत नाही, कितीतरी वाढतो. एका उंचीनंतर तर चढणं जमतच नाही. तरुणपणी ही हद्द आपल्याला कधी लागत नाही, त्यामुळं ती आहे हेही कळत नाही.

पाय कमी पडला की हात मदतीला येतो. म्हणून दांडा फार महत्त्वाचा. दोन्ही पाय जमिनीवर असतानाच तो हाताशी यायला हवा. वर चढल्यावर सापडणाऱ्या दांड्याचा चढायला काय उपयोग? दोन्ही बाजूंना असला तर उत्तम, कारण पक्षाघात झालेल्या माणसाचा एकच हात चालतो आणि तो कुठला हे बसला ठाऊक नसतं. जाडी साधारण तीन ते साडेतीन सेंटीमीटर. सांधे आखडलेल्या बोटांना बारीक सळई घट्ट धरवत नाही आणि जाड पाइपभोवती मूठ मिटत नाही. रंग पिवळा किंवा आजूबाजूपेक्षा अगदी वेगळा हवा. सोलापूरच्या एप्रिलमधल्या उन्हातून बसच्या सावलीत आलेल्या, मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना पत्र्याच्या रंगाचा दांडा दिसतच नाही, आणि बाई हवेत चाचपडत राहते.

यात साडीही आली. सहावारीचा घेर पावलाला अडवतो. पाय उंच न्यायचा तर एका हातानं निऱ्या उचलाव्या लागतात, आणि तोच हात दांड्याला हवा असतो. माझी आजी नऊवारी नेसायची. कासोट्यामुळं तिचे पाय मोकळे, त्यामुळं ती ट्रकच्या फाळक्यावर पाय देऊनसुद्धा वर चढायची. कपड्याचा विचार करून गाडी बनवता येते, याचा पुरावा तर आपल्या रोजच्या डोळ्यासमोर आहे. दुचाकीवर मागं बसणाऱ्यासाठी धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारी जाळी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमानं सक्तीची केली आहे. आपण जिला साडीगार्ड म्हणतो ती हीच. बसच्या दारात हाच विचार आणखी दोन पावलं पुढं न्यायचा आहे.

उतरणं तर चढण्यापेक्षाही वाईट. उतरताना वाकलेल्या गुडघ्याला सगळं वजन हळूहळू खाली सोडावं लागतं, आणि दुखरा गुडघा मध्येच हात टेकतो. त्यात चष्मा. दोन नंबरांच्या चष्म्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो, त्यातून हातभर अंतरावरचं स्पष्ट दिसतं. उतरताना माणूस खाली बघतो तेव्हा नेमक्या त्याच भागातून बघतो, आणि पायरीची कड धूसर होते. पायरीच्या काठाला ठळक पिवळी पट्टी आणि पायापाशी एक दिवा, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. दोन्हींना खर्च अगदी किरकोळ येतो.

बस इतकी उंच का?

जुन्या पद्धतीची बस म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली खोली. इंजिन पुढं, तिथून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा, दोन जाड लोखंडी तुळया, आणि या सगळ्याच्या वर फरशी. खालचं सामान हललं नाही तर फरशी खाली येत नाही. आपल्याकडे शहरी बसच्या फरशीच्या उंचीचे साधारण तीन प्रकार मानतात: ९० सेंटीमीटरच्या आसपासची नेहमीची, ६५ची सेमी लो फ्लोअर आणि ४०ची लो फ्लोअर. ४०वर यायचं तर इंजिन मागं न्यावं लागतं, दोन चाकांना जोडणारा आस मधोमध खाली वाकलेला वापरावा लागतो आणि लोखंडी पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या बसवाव्या लागतात. विजेच्या बसमध्ये हे तुलनेनं सोपं जातं, कारण लांब दांड्याची गरज उरत नाही आणि बॅटऱ्या टपावर किंवा मागच्या बाजूला ठेवता येतात.

हवेच्या पिशव्यांचा आणखी एक फायदा आहे. थांब्यावर दाराच्या बाजूच्या पिशव्यांतली थोडी हवा सोडली की बस त्या बाजूला सहा-सात सेंटीमीटर झुकते. इंग्रजीत याला बसनं गुडघे टेकणं म्हणतात. मला ही कल्पना फार आवडते. माझ्या आईला गुडघे टेकवत नाहीत, तर बसनं टेकावेत.

आता नीट हिशोब करू, कारण खरी गोम इथंच आहे. लो फ्लोअर बसची फरशी ४० सेंटीमीटर. झुकल्यावर ३३. बस रस्त्याच्या मध्येच थांबली तर आईला अजूनही ३३ सेंटीमीटर चढायचं आहे, म्हणजे त्या पावसातल्या बसपेक्षा फारसं वेगळं नाही! पण तीच बस १५ सेंटीमीटर उंचीच्या फुटपाथला चिकटून थांबली तर उरतात १८ सेंटीमीटर. घरातल्या जिन्याची एक पायरी. ती माझी आई अजून चढते.

व्हीलचेअरचंही असंच. इमारतीतल्या उताराला आपल्याकडे एकास बाराचं प्रमाण लावतात, म्हणजे एक सेंटीमीटर चढायला बारा सेंटीमीटर लांबी. बसमध्ये एवढी लांब फळी बसत नाही, म्हणून अमेरिकेच्या नियमात गाडीच्या फळीला एकास सहापर्यंत सूट आहे. १८ सेंटीमीटर चढायला एकास सहानं सुमारे एक मीटरची फळी लागते. ती दाराच्या फरशीतच बिजागरीनं बसवता येते आणि कंडक्टर हातानं उलटू शकतो. फुटपाथ नसला तर तीच फळी दोन मीटरची होते, आणि ती ठेवायला बसमध्ये जागा नाही.

म्हणून बस आणि थांबा ही एकच वस्तू समजायला हवी. बस कोट्यवधींची आणि थांब्यापुढं हातगाडी, उघडी गटार, दोन रिक्षा, अशी परिस्थिती असेल तर बस चार फूट लांबच थांबणार आणि झुकणारी यंत्रणा वाया जाणार. सात रस्त्याला किंवा पार्क चौकात पाच मिनिटं उभं राहून प्रत्येक बस फुटपाथपासून किती लांब थांबते ते बघा. केंद्र सरकारनं २०२३च्या ऑगस्टमध्ये पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली, १०,००० विजेच्या बसची, आणि त्यात सोलापूरचंही नाव आहे. बसच्या रंगाबद्दल आणि मार्गाबद्दल शहरात बरंच बोललं जाईल. थांब्याच्या कट्ट्याच्या उंचीबद्दलही कुणीतरी बोलायला पाहिजे.

आत आल्यावर

व्हीलचेअर आत आली की तिला साधारण १३० सेंटीमीटर लांब आणि ७५ सेंटीमीटर रुंद मोकळी जागा लागते. ब्रिटनच्या नियमात हेच माप आहे. युरोपातल्या शहरी बसमध्ये चेअर बहुधा बसच्या मागच्या दिशेला तोंड करून, पाठीमागं गादीचा टेका लावून उभी करतात. अचानक ब्रेक लागला की चेअर त्या टेक्यावर दाबली जाते, पट्टे बांधायची गरज पडत नाही आणि वेळही जात नाही. लांब पल्ल्याच्या गाडीत वेग जास्त असतो, तिथं पुढं तोंड करून चारही कोपरे पट्ट्यांनी बांधतात.

राखीव सीट दारापाशी असावी आणि चाकावरच्या उंचवट्यावर नसावी, हे उघड आहे. त्याहून मोठा धोका डबल बेलचा. म्हातारं माणूस सीटपर्यंत पोचायच्या आत बस हलली की ते पडतं. कुठल्याही कारखान्यात बनत नसलेली सोय म्हणजे कंडक्टरनं थांबलेले ते दहा सेकंद.

ज्यांना दिसत नाही त्यांची अडचण चढण्याच्याही आधी सुरू होते: आलेली बस कुठली? बसच्या आत पुढच्या थांब्याचं नाव सांगणारा आवाज हल्ली बऱ्याच शहरांत ऐकू येतो, पण बाहेर उभ्या माणसाला तो कामाचा नाही. आयआयटी दिल्लीतल्या मंडळींनी यासाठी ऑनबोर्ड नावाचं उपकरण बनवलं. थांब्यावरचा अंध माणूस हातातलं बटण दाबतो, बसवरच्या स्पीकरमधून नंबर ऐकू येतो, आणि चढताना त्या आवाजाच्या रोखानं दार सापडतं. दिल्ली आणि मुंबईतल्या काही बसमध्ये त्याच्या चाचण्या झाल्या. इथं नंबर आणि दार, दोन्ही प्रश्न एकाच आवाजानं सुटतात.

कायदा काय म्हणतो

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं ४१वं कलम वाहतुकीबद्दल आहे: बस स्थानकं, रेल्वे स्थानकं आणि गाड्या सगळ्यांना वापरता येतील अशा करणं ही सरकारची जबाबदारी. मोटार वाहन नियमांत बदल होऊन १ मार्च २०२० पासून नव्या बसमध्ये राखीव सीट, तिची खूण, काठी-कुबडी अडकवायची सोय, दांडे आणि व्हीलचेअर आत घेऊन जागेवर पक्की करायची व्यवस्था यांची तरतूद आली. ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी यांच्या खटल्यात आणखी एक गोष्ट ठणकावली: सुगम्यतेच्या बाबतीत नुसत्या मार्गदर्शक सूचना देऊन भागणार नाही, किमान काही नियम सक्तीचेच हवेत.

आपल्या राज्यात पैशाची अडचण बरीच दूर झाली आहे. २०२२च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि २०२३च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला, तुळजापूरला, पंढरपूरला जाणाऱ्या आज्ज्यांची गर्दी स्टँडवर बघितली की मन भरून येतं. तिकिटाच्या सवलतीला पायरीच्या सवलतीची जोड मिळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

ठरवणाऱ्याला ते जाणवलं पाहिजे

१९७९मध्ये पॅट्रिशिया मूर नावाच्या सव्वीस वर्षांच्या अमेरिकन डिझायनर बाईंनी वेगळाच मार्ग धरला. त्यांनी ऐंशी वर्षांच्या बाईचं सोंग घेतलं: चेहऱ्यावर सुरकुत्या, पाय वाकू नयेत म्हणून बांधलेल्या पट्ट्या, नीट ऐकू येऊ नये म्हणून कानांत बोळे, धूसर दिसेल असा चष्मा. तीन वर्षं, अधूनमधून, त्या अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या शहरांत अशा फिरल्या. पुढं नव्वदच्या दशकात फोर्ड कंपनीनं ब्रिटनमधल्या लफबरो विद्यापीठाच्या मदतीनं एक अंगरखाच बनवला. तो घातला की गुडघे, कोपरं, मान आखडते, हातमोज्यांमुळं बोटांची जाणीव कमी होते, पिवळट चष्म्यातून मोतीबिंदूसारखं दिसतं. तरुण इंजिनिअरांनी तो घालून गाडीत चढ-उतार केली, आणि फोर्ड फोकस ही गाडी घडवताना त्याचा उपयोग झाला.

आपल्याला अंगरखा नको. दोन्ही गुडघ्यांना घट्ट बँडेज गुंडाळा, चष्म्याच्या काचेला थोडं व्हॅसलीन लावा, हातात लोकरी मोजे घाला आणि उभ्या असलेल्या बसमध्ये एकदा चढून दाखवा. बस खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा करावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

घरची गाडी

मोटारीत अडचण उलटी असते. बसची पायरी उंच, तर मोटारीची सीट खोल. सीट गुडघ्यामागच्या खाचेपेक्षा बरीच खाली असली तर बसताना माणूस शेवटी धपकन पडतो आणि उठताना अडकतो. फार उंच असली तर पुन्हा चढणं आलं. सगळ्यात सोयीची ती, जिच्यासमोर पाठ करून उभं राहिलं की सीटची कड मांडीच्या वरच्या भागाला लागते. तिथं नुसतं मागं टेकलं की बसता येतं. १९९८-९९च्या सुमारास आपल्याकडे सँट्रो आणि वॅगन आर अशा उभट गाड्या आल्या, त्या म्हाताऱ्यांना का आवडल्या याचं एक कारण हेच.

बसायची पद्धतही वेगळी हवी. तरुण माणूस एक पाय आत टाकतो आणि अंग मोडून शिरतो. आईला आम्ही शिकवलंय: आधी पाठ सीटकडं, मग बसायचं, मग डोकं सांभाळत दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. यात अंग सीटवर फिरावं लागतं, आणि कापडी सीट ते फिरू देत नाही. तिथं आमच्या घरची युक्ती सांगते. सोलापुरी चादर चौघडी करून सीटवर घातली की सीट दोनेक इंच उंच होते. चादर खरखरीत, त्यामुळं अंग वळत नाही. म्हणून तिच्यावर एक प्लॅस्टिकची मोठी पिशवी पसरायची. आई पिशवीवर बसते, गर्रकन फिरते, पाय आत येतात. गाडी सुरू करायच्या आधी पिशवी न चुकता ओढून काढायची, नाहीतर ब्रेक लागल्यावर माणूस पुढं घसरतो. आणि पट्ट्याचा खालचा भाग पोटावर न येता कमरेच्या हाडावर बसलाय ना, तेही बघायचं. फिरणाऱ्या सीटही विकत मिळतात, त्या हेच काम यंत्रानं करतात.

गाडी विकत घ्यायची असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दुकानात न्या. बसायला लावा, आणि मुख्य म्हणजे उतरायला लावा, चार-पाच वेळा. पाय बाहेर काढताना खालची चौकट किती उंच आणि किती रुंद आडवी येते ते बघा. टाचा सीटच्या खाली मागं ओढता येतात का बघा, कारण टाचा अंगाखाली आल्याशिवाय कुणालाच उठता येत नाही. खुर्चीत पाय पुढं पसरून उठून बघा, पटेल. आणि दार मध्येच टिकून राहतं का, की उतारावर माणसाच्या नडगीवर येऊन आदळतं, हेही.

रिक्षाचं काय, असं कुणी विचारेल. सोलापुरात आमच्यासारख्यांचा सगळा भार तिच्यावरच आहे. तिला दार नाही, ही तिची मोठी सोय. पण टप खाली असतो, म्हणून एकाच वेळी पाय उचलायचा, मान वाकवायची आणि अंग वळवायचं असतं. त्यावर आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्या पोरानं कुणी न सांगता तोड काढली. परवा डोळ्याच्या दवाखान्यात जायचं होतं. आई कट्ट्यावरून खाली उतरायला लागली, तर तो आतूनच ओरडला, "मावशी, उतरू नका की! थांबा तिथंच, गाडी कट्ट्याला लावतो." त्यानं रिक्षा दोन वेळा पुढं-मागं घेऊन दगडी कट्ट्याला अगदी चिकटवली. कट्टा आणि रिक्षाची फरशी जवळजवळ एका पातळीत आली. आईनं डाव्या हातानं पुढचा बार धरला, पाय उचलला नाहीच, नुसता सरकवला, आणि आत बसली. मग निऱ्या सारख्या केल्या आणि मला म्हणाली, "पिशवी दे इकडं."